तोंडातला पांढरा चट्टा : दुखत नाही म्हणून थांबू नये

गेल्या सुगीत तुरीचे खळे उरकल्यावर एक गृहस्थ दाखल्याच्या कामासाठी माझ्याकडे आले होते. वय पंचावन्नच्या पुढे, चार एकर कोरडवाहू जमीन, कष्टाचा माणूस. बोलता बोलता त्यांनी सवयीने खिशातली डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखभर चुना लावला, अंगठ्याने मळली आणि बार भरण्यासाठी खालचा ओठ पुढे ओढला. तेवढ्या एका क्षणात ओठाच्या आतल्या बाजूला खडूचा हात फिरवल्यासारखा पांढरा पट्टा मला दिसला. मी विचारले, "काका, हे काय?" ते म्हणाले, "ते होय, फादर? लई दिसाचं हाय. दुखत न्हाई की."

दुखत नाही. या दोन शब्दांसाठी आजचे हे पान लिहीत आहे. आपल्याकडे रोगाची ओळख दुखण्यावरून होते. कंबर दुखली की माणूस लेप लावतो, दाढ दुखली की रात्रीच्या रात्री बीदर गाठतो. जे दुखत नाही तो रोगच नव्हे, असा आपला हिशेब. शेतात मात्र आपण असा हिशेब करीत नाही. तुरीच्या शेंगेला बारीक भोक दिसले की आत अळी आहे हे आपण जाणतो आणि शेंग फोडून पाहतो. तोंडाच्या बाबतीतही तेच करायचे आहे.

मी डॉक्टर नाही. आजाऱ्यांना भेटायला दवाखान्यात जाणे होते. तेथे जे पाहिले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि जे वाचले, ते येथे मांडतो. या पानावरून कोणी औषध घेऊ नये. पाहायचे कसे आणि जायचे केव्हा, एवढे मात्र जरूर घ्यावे.

सगळे पांढरे सारखे नसते

प्रथम भीती घालवू या, कारण हा लेख वाचून पुष्कळजण आरशापुढे उभे राहतील आणि काहीतरी पांढरे सर्वांनाच सापडेल. गालाच्या आत, वरचे आणि खालचे दात जेथे मिटतात त्या ओळीवर अनेकांना एक बारीक पांढरी रेघ असते. दातांच्या घासण्याने ती होते. तिचे काही करावे लागत नाही. ओठांच्या आत आणि गालांवर रव्याच्या कणांएवढे पिवळसर ठिपके काहींना दिसतात. त्या तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत, त्या जन्मभर राहतात आणि कोणालाही त्रास देत नाहीत. ताप येऊन गेल्यावर किंवा पाणी कमी पोटात गेल्यावर जिभेवर पांढरा थर बसतो, तो जीभ घासली व खाणेपिणे सुरळीत झाले की जातो.

"तोंड येणे" तर सर्वांच्या ओळखीचे. मध्ये पिवळट पांढरी, कडेने लाल अशी छोटी जखम ओठाच्या आत किंवा जिभेवर होते, तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते. ही जखम दुखते आणि दहा ते चौदा दिवसांत आपोआप भरून येते. पुन्हा पुन्हा तोंड येत असेल तर रक्त तपासून घ्यावे. लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की असे होते. आपली भाकरी आणि तुरीचे वरण चांगलेच, पण ब-१२ त्यांत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. घरातील बाई सर्वांना वाढून उरलेल्यावर भागवते, म्हणून हा त्रास तिलाच अधिक होतो, हे घरातील पुरुषांनी लक्षात घ्यावे.

येथे आपल्या सीमाभागापुरती एक सूचना. कन्नड डॉक्टरांकडे गेल्यावर आपली माणसे तोंडातल्या कोणत्याही गोष्टीला "बायी हुण्णु" म्हणून मोकळी होतात. हुण्णु म्हणजे फोड किंवा जखम. डॉक्टर घाईत असले तर तोंड आल्याच्या गोळ्या देतात आणि चट्टा आहे तेथेच राहतो. म्हणून "बिळी", म्हणजे पांढरे, हा शब्द वापरावा, ओठ किंवा गाल ओढून ती जागा बोटाने दाखवावी आणि किती महिन्यांपासून आहे हेही सांगावे. भाषा अडली तरी बोट अडत नाही.

दुखऱ्या दाढेशी डोकेदुखीची गोळी दाबून ठेवण्याची एक रीत गावोगाव आहे. गोळी गिळायची वस्तू आहे. ती गालाशी राहिली की तेथील नाजूक कातडी भाजून पांढरी पडते. लवंगेचे तेल जास्त झाले किंवा चुना जास्त लागला तरी तसेच होते. तुटलेल्या दाताची धार किंवा सैल कवळी एकाच जागी घासत राहिली तरीही पांढरा डाग पडतो. असे कारण सापडले तर ते काढून टाकावे. डाग दोन आठवड्यांत जायला हवा. हे "दोन आठवडे" लक्षात ठेवावेत, पुढे त्यांची गरज आहे.

ओल्या फडक्याने पुसून पाहावे

हात स्वच्छ धुवावेत, बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळावे आणि पांढरी जागा हलक्या हाताने पुसावी. दह्याच्या साईसारखे ते पांढरे निघून आले आणि खाली लाल झालेली जागा दिसली, तर बहुधा ती बुरशी असते. तान्ह्या मुलांना ही होते. नुसत्या जिभेवर पांढरे असेल तर ते दूधही असू शकते; पण गालांच्या आत, टाळूवर आणि हिरड्यांवर असेल, मूल दूध ओढताना रडत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. तोंडात टाकायच्या थेंबांनी ते बरे होते. आईच्या स्तनाग्रालाही तोच संसर्ग होतो, म्हणून आईवरही उपचार करावे लागतात. बाटली व बोंडले उकळून घ्यावे. बाटली सोडता आली तर फारच उत्तम.

आजीबाईच्या बटव्यातील एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. बाळाच्या तोंडाला टाकणखार मधात कालवून लावतात. टाकणखार पोटात गेला तर तान्ह्या मुलाला विषबाधा होऊ शकते, आणि एक वर्षाच्या आतील मुलाला मधही देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजींचा हेतू वाईट नसतो. तरी हे थांबवावे.

मोठ्या माणसांना ही बुरशी झाली तर ती का झाली हे शोधावे लागते. मधुमेह, अनेक दिवस घेतलेली अँटिबायोटिक औषधे, रात्रंदिवस तोंडात ठेवलेली कवळी, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणे, ही नेहमीची कारणे आहेत. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, पंप ओढल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी, एवढ्यावरही पुष्कळ काम होते. कारण दिसत नसताना वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी आणि एच.आय.व्ही.ची तपासणीही करून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व पुढची औषधे मोफत मिळतात, आणि औषधे नियमित घेणारी माणसे संसार व शेती दोन्ही करीत आहेत.

आणखी एका प्रकारात दोन्ही गालांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि तिखटाने आग होते. डॉक्टर त्याला लायकेन प्लॅनस म्हणतात. तो संसर्गाचा रोग नाही. आग कमी करण्यास मलम असते. पण क्वचित तो पुढे बिघडतो म्हणून वर्षातून एकदा तरी दाखवीत राहावे लागते.

आता उरले ते, जे पुसून निघत नाही, दुखत नाही, ज्याला दाताची धार किंवा भाजल्याचे कारण सापडत नाही, आणि जे दोन आठवडे उलटूनही तसेच आहे. आमच्या काकांचे होते तसे.

तंबाखू-चुन्याचा चट्टा

या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ पांढरा पापुद्रा इतकाच. अर्न्स्ट श्विमर नावाच्या हंगेरीतील त्वचारोगतज्ज्ञांनी १८७७ साली हे नाव दिले. इतर सर्व कारणे वगळून जो पांढरा चट्टा उरतो त्याला हे नाव लावतात.

तो होतो कसा? कुदळ आणि विळा धरून तळहाताला घट्टे पडतात ते आपण पाहतो. तोंडातील अस्तर तळहातासारखे जाड नाही, ते फार पातळ आहे. त्यावर दिवसातून आठ-दहा वेळा, वर्षानुवर्षे, एकाच जागी तंबाखू आणि चुना ठेवला की तेही स्वतःला वाचविण्यासाठी जाड होते, आणि जाड झालेले ओले अस्तर पांढरे दिसते. एवढ्यावर थांबले असते तर तो नुसता घट्टा. पण तंबाखूत कॅन्सर करणारी रसायने असतात, आणि चुन्याने अस्तर भाजत राहिले की ती आत शिरायला वाट मिळते. मग आतल्या पेशींची वाढ आपली शिस्त सोडू लागते. वरून पाहून हे कळत नाही. घट्टा वाटणारा चट्टा आत बिघडलेला असतो आणि भयंकर दिसणारा चट्टा साधा निघतो. डॉक्टरांच्या नजरेलाही मर्यादा आहे. म्हणूनच तुकडा काढून तपासावा लागतो.

या चट्ट्यांपैकी बहुतेकांचा कॅन्सर कधीच होत नाही, हे सांगितले नाही तर मी वाचकांवर अन्याय करीन. थोड्यांचा होतो. कोणाचा होईल हे आधी सांगता येत नाही, पण धोक्याच्या काही खुणा आहेत. पांढऱ्यात लाल मिसळलेले असणे, पृष्ठभाग खरबरीत किंवा चामखिळीसारखा होणे, हाताला कडक लागणे, रक्त येणे, चट्टा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असणे. गळ्याला गाठ लागली असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर एक दिवसही थांबू नये. ज्याने कधी तंबाखू, सुपारी घेतली नाही अशा माणसाच्या तोंडात असा चट्टा निघाला तर "मला व्यसनच नाही" म्हणून निर्धास्त राहू नये. अशा चट्ट्यांत धोका उलट अधिक आढळला आहे.

हे सर्व कळले ते मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत बसून नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी दंतसंशोधनाचे काम करीत होते. त्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. हा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग हे या विषयातील जगन्मान्य तज्ज्ञ त्यांत सहभागी होते. एक लाख माणसांना "आ करा" म्हणणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी गावात लसीकरणाची रांग लावली आहे त्यांनाच येईल.

त्यानंतर याच संस्थेच्या लोकांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखूचे व्यसन असलेली ३६,००० माणसे निवडली. त्यांची तोंडे दरवर्षी पाहायची आणि घरोघर, समोरासमोर बसून तंबाखू सोडण्याविषयी सांगायचे, असा प्रयोग केला. १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नुसते सांगून काय होते, असे आपण म्हणतो. तर जेथे सांगितले गेले तेथे सोडणाऱ्यांची संख्या वाढली आणि नवे पांढरे चट्टे निघण्याचे प्रमाण खाली आले. शिवाय ज्यांनी सोडली त्यांतील अनेकांचे जुने चट्टे पातळ होतात किंवा पुसले जातात, हा सर्व दंतवैद्यांचा अनुभव आहे. पिकाला रोग पडला तर फवारणी तरी विकत आणावी लागते; येथे उपाय म्हणजे विकत आणणे बंद करणे.

सुपारीची गोष्ट वेगळी

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी" असे सांगणाऱ्यांत काही वर्षांपूर्वी मीही होतो. जेवण झाले की अडकित्ता काढायचा. एका दंतवैद्य स्नेह्याने मला "तीन बोटे उभी तोंडात घालून दाखवा" म्हटले. बोटे गेली, पण त्याने त्यानंतर जे सांगितले त्याने माझा अडकित्ता बंद झाला. सुपारी एकटीच कॅन्सरला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे.

सुपारीने होणारा रोग चट्ट्याचा नव्हे. त्यात गालाच्या आतील सगळे अस्तर फिके, संगमरवरासारखे पांढरे पडते आणि हळूहळू कडक होते. आरंभी तिखट सोसत नाही, भाजीतले वरण झाले तरी जीभ पोळते. मग गालांत दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. आपली स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर रोग पुढे गेला आहे. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९५२ साली त्याची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले.

तेव्हा तो मोठ्या वयाच्या माणसांचा रोग होता. आता विशी-पंचविशीतील मुले येतात, याचे कारण पुडी. महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. त्यावर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी निघाली. दोन्ही फाडून तळहातावर मिसळली की झाला गुटखा. गोड सुपारीच्या पुड्या तर शाळेच्या वाटेवर लहान मुलांच्या हातात दिसतात. पालकांनी त्याला गोळी-बिस्किटाच्या हिशेबात धरू नये. कडक झालेले अस्तर पुन्हा पूर्ववत होत नाही. सुपारी सोडली, तोंड उघडण्याचा व्यायाम केला, डॉक्टरांनी दिलेली औषधे घेतली, तर रोग आहे तेथे थांबू शकतो आणि जेवण सुसह्य होते. फार पुढे गेल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

मिश्रीला तंबाखू म्हणत नाहीत

बायकांना विचारले, "तंबाखू खाता का?" तर "छे, छे" असे उत्तर येते आणि ते त्यांच्या परीने खरे असते. त्या तंबाखू खात नाहीत, मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, डोके दुखले की एकदा. दात साफ होतात अशी समजूत. हिरड्यांवर व ओठांच्या आत चट्टे निघतात ते यामुळे. डॉक्टरने "तंबाखू" विचारले म्हणून "नाही" लिहिले जाते आणि तोंड पाहण्याचे राहून जाते. म्हणून भगिनींनी आपण होऊन सांगावे : मिश्री लावते.

आपल्या धर्मग्रामातील एका माउलीची हकीकत नाव न घेता सांगतो. तिच्या मुलांनीच सांगण्यास हरकत नाही म्हटले. खालच्या हिरडीला पांढरे झाले आहे हे तिला स्वतःला माहीत होते. सोयाबीन निघू दे, मग तूर निघू दे, मग नातीचे लग्न होऊ दे, अशा दोन सुग्या गेल्या. दात हलू लागला तेव्हा ती दाढ काढायला गेली, आणि काढलेली जागा भरून आली नाही. शेवटी खालच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला, नंतर विजेचे शेक. ती आज आपल्यात आहे, पातळ केलेली आंबील पिऊन राहते. चट्टा होता तेव्हा गेली असती तर बहुधा एका दुपारचे काम होते. मी तिला दर आठवड्याला पाहत होतो, तिच्याशी बोलत होतो, आणि मलाही कधी विचारावेसे वाटले नाही. हे मनाला लागून राहिले आहे.

दवाखान्यात काय करतात

पुष्कळजण जात नाहीत ते पुढे काय होईल या भीतीने, म्हणून तेच सांगतो. दंतवैद्य तोंड सगळीकडून पाहतात, जीभ बाहेर ओढून कडा पाहतात, गळ्याखाली गाठी चाचपतात. धार असलेला दात घासून गुळगुळीत करतात, बुरशी वाटली तर तिचे औषध देतात, तंबाखू-सुपारी पूर्ण बंद करायला सांगतात आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतात. धोक्याची खूण दिसली तर तेवढेही थांबत नाहीत.

त्यानंतरही चट्टा राहिला तर बायोप्सी. म्हणजे जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात. पाऊण तासात माणूस घरी निघतो. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काही दिवसांनी अहवाल मिळतो. "चाकू लावला की कॅन्सर पसरतो" ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे. ती खोटी आहे. कॅन्सर पसरतो तो वाट पाहण्याने. ज्याला चाकू लावल्यावर लवकर मरण आले असे लोक सांगतात, तो बहुतेक वेळा फार उशिरा गेलेला असतो.

अहवालात पेशी किती बिघडल्या ते लिहिलेले असते : काही नाही, सौम्य, मध्यम, तीव्र. बिघाड तीव्र असेल तर चट्टा काढून टाकतात, मध्यम असेल तरी बहुधा तेच सुचवतात. सौम्य असेल तर व्यसन सोडून दर तीन-सहा महिन्यांनी दाखवायचे. काढलेला चट्टा परत येऊ शकतो, म्हणून दाखविणे कोणालाच चुकत नाही. चट्ट्याचा कॅन्सर होऊच नये अशी खात्रीची गोळी आजवर निघालेली नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या घ्याव्यात. पण गोळी घेऊन वर बार भरणे म्हणजे एका हाताने पाणी देऊन दुसऱ्या हाताने बांध फोडणे.

जायचे कोठे? बीदर, हुमनाबाद आणि कलबुर्गी येथे दंत महाविद्यालये आहेत, तेथे तपासणी थोड्या खर्चात होते. बीदर आणि कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही दाखविता येते. कॅन्सर ठरलाच तर बेंगळुरूच्या किडवाई संस्थेचे केंद्र कलबुर्गीत आहे. आळंद, बसवकल्याणकडील पुष्कळ मंडळी सोलापूरला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात जातात, औरादची उदगीर-लातूरला. सीमा ओलांडून जाताना आपले कार्ड त्या दवाखान्यात चालते का हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे; तेथे पोहोचून परत फिरण्याची पाळी येऊ नये. आणि गावातील आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासण्याची सरकारी योजना आहे. आशाताई आली की "मला काही होत नाही" म्हणून तिला दारातून परत पाठवू नये. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. डोळे, उजेड आणि उघडलेले तोंड एवढेच त्याला लागले.

घरीही महिन्यातून एकदा उजेडात, आरशापुढे पाहावे. ओठ दोन्ही उलटून, गाल दोन्ही ओढून, जीभ टाळूला लावून खालची जागा, मग जीभ बाहेर काढून दोन्ही कडा. नवराबायकोने एकमेकांचे पाहिले तर अधिक बरे दिसते.

सोडायची कशी

सोडा म्हणणे सोपे आहे. तंबाखूची तलफ भूक मारते, झोप घालवते, दुपारच्या उन्हात कापणी ओढायला बळ देते असे वाटते. मजुराला ती सहज सुटत नाही याचा दोष त्याला देऊन चालणार नाही. पहिले तीन-चार दिवस कठीण असतात. डोके जड होते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरते. घरच्यांनी तेवढे दिवस त्याचे बोलणे मनावर घेऊ नये. डबी टाकून न देता तीत भाजलेली बडीशेप, ओवा, लवंग भरावी, कारण हाताला डबीची सवय असते. सुपारी मात्र तीत नको. तलफ आली की पाणी प्यावे, पाच मिनिटे दुसरे काम करावे. तलफ तेवढ्यात खाली बसते. तरी जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचे च्युइंगम घेता येते. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. तुरीवर घाटेअळीची फवारणी चालू असताना मधेच बसून त्याच हाताने तंबाखू मळतात. तळहातावरचे औषध तंबाखूत मुरते आणि तास-अर्धा तास ओठात राहते. बाकीचे काही पटले नाही तरी एवढे ऐकावे : फवारणीच्या दिवशी डबी घरी ठेवावी.

आपल्यातील काहीजण प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस तंबाखू सोडतात आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा डबी उघडतात. त्यांना माझे सांगणे आहे की डबी उघडण्यापूर्वी आरसा पाहावा. चाळीस दिवसांत चट्टा पातळ झालेला दिसतो का, ते पाहावे.

आमच्या काकांनी असेच केले. हरभरा निघू द्या म्हणून त्यांनीही महिना लावला, पण गेले. दोन आठवडे तंबाखू बंद ठेवूनही चट्टा राहिला म्हणून तुकडा काढला. बिघाड सौम्य निघाला. मधे एका लग्नात पुन्हा बार भरला, चार दिवसांनी स्वतःच येऊन सांगितले, पुन्हा सोडली. आता खडूचा पट्टा राहिलेला नाही, ओठाच्या कोपऱ्याकडे थोडे पांढुरके दिसते. भेटेल त्याला ओठ ओढून दाखवतात. त्यांना पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारची दिली आहे. बरोबर जाण्यास दोन घरची मंडळी तयार झाली आहेत. आणखी कोणाला यायचे असल्यास त्यांनी मिस्सा झाल्यावर मला भेटावे, म्हणजे गाडीची सोय करता येईल.